टाचेतलं मेण

"शी, काढ ते तोंडातून," मी म्हणाले, आणि पोरीने काढायच्या आत स्वतःच ओढून काढलं. हातभर लांब, थुंकीने बुळबुळीत झालेली तात होती ती. तिकडे कॅरिबू नावाचं मोठं हरण असतं, त्याच्या पाठीतून ती काढून वाळवतात आणि दोऱ्यासारखी वापरतात. पोर सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले, नाकाला अखंड धार. मी रुमाल काढला, एका हाताने तिचं डोकं धरलं आणि बार्शीत आम्ही पोरांची नाकं पुसतो तसं पुसलं, म्हणजे नाक रुमालातच राहील की काय असं. वर "कारटी कुठली" असंही म्हणाले. प्रेमानेच म्हणाले, पण म्हणाले.

खोलीत सात बायका शिवत बसल्या होत्या. सातही सुया थांबल्या. मधोमध जमिनीवर पाय पसरून बसलेल्या कौनाकआजीने हातातलं कातडं खाली ठेवलं. मी चपला घालून देवघरात शिरले असते तर माझ्या सासूने जसं बघितलं असतं, तसं तिने माझ्याकडे बघितलं.

कौनाकची मुलगी लिया माझ्या शेजारी होती. ती शाळेच्या कचेरीत काम करायची, इंग्रजी चांगलं बोलायची, आणि मला त्या गावात जे काही कळायचं ते तिच्यामार्फतच. ती माझ्या कानाशी आली.

"कुमुद, तू आत्ता माझ्या आजीचं नाक पुसलंस."

मी इकडेतिकडे बघितलं. आजीच्या वयाची खोलीत एकच बाई होती, कौनाक, आणि तिच्या नाकाला मी हात लावला नव्हता.

मग लियाने समजावून सांगितलं. कौनाकची आई उलुती ही त्या गावातली सगळ्यांत नावाजलेली शिवणारी. ती वारली आणि चार महिन्यांनी लियाला मुलगी झाली. तिचं नाव उलुती ठेवलं. त्या लोकांत नाव म्हणजे नुसतं हाक मारायला नसतं, नावाबरोबर माणूसही परत येतं. त्यामुळे एकाहत्तर वर्षांची कौनाक त्या सहा वर्षांच्या पोरीला 'आई' म्हणायची. जिने तिला नऊ महिने पोटात वाढवलं ती लिया तिला 'आजी' म्हणायची. आणि लियाचा नवरा जोआनासी, पोरीचा सख्खा बाप, तो बिचारा आजेसासू म्हणून तिच्यापुढे जरा बेतानेच वागायचा.

आमच्याकडेही मुलीला सासूचं नाव ठेवतात आणि मग सून तिला नावाने हाक मारत नाही, छकुली-बबडी करून वेळ मारून नेते. पण आम्ही त्या छकुलीला लोणच्याचं प्रमाण विचारायला जात नाही. कौनाक जायची. बूट शिवून झाला की तो ती आईपुढे धरायची. पोरीने भुवया वर केल्या तर 'हो', नाक मुरडलं तर 'नाही', ती त्यांची रीतच आहे. नाक मुरडलं तर बूट उसवायचा. एकदा पोरीला शू लागली होती म्हणून तिने नाक मुरडलं, तर कौनाकने एक अख्खा बूट उसवला होता, असं मला नंतर कळलं.

आणि हा माझा त्या शिवणाच्या खोलीतला पहिला दिवस होता.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. आमचे हे गणिताचे मास्तर, वायचळ सर. कुठल्याशा जाहिरातीला अर्ज केला आणि थेट उत्तर ध्रुवाकडच्या बॅफिन बेटावर नोकरी लागली. नऊशे वस्तीचं इन्युइट लोकांचं गाव. झाड नाही, गवत नाही, समुद्र गोठलेला, फेब्रुवारीत पारा उणे पस्तीस. करार दोन वर्षांचा होता आणि जूनमध्ये संपणार होता. पहिलं दीड वर्ष मी घरात बसून चकल्या तळल्या.

दर एप्रिलमध्ये शाळेची मोठी मुलं पाच दिवस समुद्राच्या बर्फावर तळ ठोकायची, पार जिथे बर्फ संपतो आणि उघडं पाणी सुरू होतं तिथपर्यंत. नेणारा जोआनासी, कुत्र्यांच्या गाड्यांवरून. ह्यांना जायचं होतं. आता आमचे हे कसे, तर आमटीत मीठ नसलं तरी न मागणारे. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. एका संध्याकाळी भांडी विसळता विसळता म्हणाले, "कुमुद, मला ती बर्फाची कड बघायची आहे गं." आणि पुन्हा भांडी विसळायला लागले.

जोआनासीची अट एकच होती. दुकानातले बूट चालणार नाहीत. कडेजवळ घोट्याच्या वर चिखलासारखं बर्फाचं पाणी असतं, पाय एकदा ओला झाला की संपलं. मागे एका मास्तरची तीन बोटं गेलेली त्याने बघितली होती. सीलच्या कातड्याचे, हाताने शिवलेले, कौनाकने पास केलेले बूट असतील तर गाडीत जागा, नाहीतर नाही. कौनाककडे आधीच चार घरांचं काम होतं. तिने निरोप पाठवला की मास्तरला बायको आहे ना, तिला शिवू दे, शिकवीन मी.

मला हे आव्हानच वाटलं. मी हेंद्रे टेलरची मुलगी. बार्शीत आमच्या अप्पांच्या दुकानात अर्ध्या तालुक्याच्या नवऱ्या ब्लाऊज शिवून घ्यायच्या. धावदोरा, उलटी टीप, काज, तुरपाई, मला बाराव्या वर्षी सगळं यायचं. मी लियाला सांगितलं, कळव तुझ्या आईला, पंधरा दिवसांत देते.

त्या पंधरा दिवसांचे सव्वादोन महिने झाले.

पहिल्यांदा पोरीला पटवावं लागलं. नाक पुसल्याचा राग तिने आठ दिवस धरला. मी शिवायला बसले की समोर येऊन बसायची आणि न सांगता नाक मुरडायची. मी सुई ओवली तरी 'नाही', मी शिंकले तरी 'नाही'. आणि तिचं 'नाही' म्हणजे कौनाकचं 'नाही'. शेवटी मी शंकरपाळे केले. डबाभर नेले. पहिला शंकरपाळा तिने संशयाने चाटला, दुसरा खाल्ला, डबा संपेपर्यंत आमची दिलजमाई झाली. नंतर ती माझ्या मांडीवरच बसायला लागली. मांडीवर कौनाकची आई घेऊन शिवणं सोपं नसतं, पण बोलायची सोय नव्हती.

मग शिवण. कौनाकने मास्तरांच्या पायाचं माप घेतलं ते एकदा दारातून बघून. कागद नाही, फीत नाही. विळीच्या पात्यासारखी अर्धगोल सुरी असते त्यांची, उलू म्हणतात, तिने सरसर कातडं कापून माझ्या पुढ्यात टाकलं. मी दोन कडा जोडून सुई आरपार घातली, ओढली, अप्पांनी शिकवल्याप्रमाणे टाका करकचून आवळला. दहा टाके झाल्यावर मोठ्या रुबाबात दाखवले. तिने ते उजेडाकडे धरले, माझ्याकडे बघून गोड हसली आणि उलूने एका झटक्यात उसवून टाकले.

लियाने सांगितलं ते असं. सुई आरपार घालायची नाही. कातड्याच्या जाडीत अर्ध्यावर जायचं आणि तिथूनच वळून बाहेर यायचं. आरपार गेलं की भोक पडलं, भोक पडलं की पाणी आलं. आता मला सांगा, तीस वर्षं ज्या हाताने सुई आरपारच घातली, त्याला अर्ध्यावर थांब म्हणून कसं सांगायचं? माझा हात म्हणजे उताराला लागलेली सायकल. जायचा तो जायचाच. कौनाकने माझे बूट तीनदा उसवले. एकदाही आवाज चढवला नाही, एकदाही कपाळाला हात लावला नाही. ती नुसती हसायची आणि उसवायची. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसरी अडचण दातांची. टाचेला आणि बोटांकडे कातड्याच्या बारीक चुण्या घालतात, त्या दाताने चावून बसवायच्या असतात. कातडं मऊ करायलाही चावायचंच. मी गळ्यात तुळशीची माळ घालणारी, आमच्या घरात अंडं शिजत नाही. मी लियाला म्हटलं, बाई गं, शिवीन, पण हे तोंडात घालणार नाही. पक्कड आणते. कौनाकला पक्कड म्हणजे काय ते कळल्यावर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग पोर म्हणाली, मी चावते. आणि समोर दात नसताना दाढांनी कराकरा चावून तिने माझ्या चुण्या बसवल्या. चावायचं काम निघालं की मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचे.

निघायच्या दिवशी सकाळी बुटांची परीक्षा होती. बूट पाण्याने काठोकाठ भरून टांगायचे आणि सगळ्यांचा चहा होईपर्यंत बघायचं. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी बूट उजेडाला धरून बघितले. उजवा ठीक होता. डाव्याच्या टाचेत सात ठिकाणी बारीक बारीक उजेड दिसत होता. सात वेळा सुई आरपार गेली होती. उसवून पुन्हा शिवायला निदान दोन दिवस लागले असते, आणि हातात एक रात्र होती. आतल्या खोलीत ह्यांची बॅग भरून तयार होती. त्या माणसाने बॅगेत दोन दिवस आधीच टोपी, दुर्बीण आणि माझे शंकरपाळे भरून ठेवले होते.

मी काय केलं ते आता सांगायला हरकत नाही. दिवाळीतल्या मेणबत्त्या उरल्या होत्या. फोडणीच्या पळीत मेण वितळवलं, काडीच्या टोकाने एकेका भोकात भरलं, नखाने खरवडून सारखं केलं, वरून तव्याची काजळी चोळली. उजेडाला धरलं. अंधार. मी स्वतःच्या हुशारीवर इतकी खूष झाले की संध्याकाळी ह्यांच्या आवडीची चिंचगुळाची आमटी केली.

परीक्षेला अख्खं गाव लोटलं होतं म्हणणार नाही, पण सातही बायका, त्यांची पोरं, जोआनासी आणि आमचे हे, एवढी मंडळी होती. हे कोपऱ्यात बॅग घेऊनच उभे होते. कौनाकने बूट भरले, टांगले. चहा झाला. सगळे बुटांकडे बघत होते आणि मी छताकडे. एक थेंब पडला नाही. बायकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. जोआनासीने ह्यांना बघून मान हलवली. ह्यांच्या चेहऱ्यावर मी लग्नातसुद्धा बघितला नव्हता असा आनंद होता.

कौनाकने बूट खाली काढले, पाणी ओतून दिलं, टाचेवरून अंगठा फिरवला. मग तिने तो डावा बूट आईच्या हातात दिला.

कातडं पाण्याने ताठरतं, म्हणून परीक्षेनंतर टाच शेवटची एकदा चावायची असते. हे मला माहीत नव्हतं. मी दरवेळी खिडकीबाहेर बघत होते ना.

पोरीने टाच दाढेखाली घेतली. दोनदा चावली. थांबली. बूट बाहेर काढून बघितला, पुन्हा तोंडात घातला आणि आता अगदी मन लावून चावायला लागली. तिचे डोळे चमकायला लागले. भरल्या तोंडाने ती काहीतरी म्हणाली आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"काय म्हणाली?" मी लियाला विचारलं.

"वाढदिवसाची चव आहे, म्हणाली."

पोरीने जिभेवरचं मेण दोन बोटांनी काढून सगळ्यांना दाखवलं आणि पुन्हा तोंडात टाकलं. कौनाकने शांतपणे बूट घेतला, पुन्हा पाण्याने भरला आणि टांगला. टप. टप. टप. सात ठिकाणांहून. खालच्या फरशीवर तळं व्हायला लागलं.

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण खालची धरणी गोठलेली, ती काय पोटात घेणार. माझ्या तोंडातून जे निघालं ते मात्र माझं मलाच ऐकवेना.

"ह्यांना मेणबत्ती लावून वाचायची सवय आहे," मी लियाला म्हणाले. "बूट टेबलावर होते. सांडलं असेल ह्यांच्याकडून."

लियाने ते सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. आमच्या घरात चारचार दिवे, मेणबत्ती लावून कोण वाचतंय. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"हो," हे म्हणाले. "माझ्याकडून सांडलं असेल."

जोआनासीने अगदी हळू आवाजात सांगितलं की मिस्टर वायचळ, वाईट वाटतं, पण असे बूट घालून मी कोणाला नेणार नाही. हे म्हणाले, बरोबर आहे. आणि बॅग खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.

तेवढ्यात कौनाक हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग पोट, मग ती सगळीच हलायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं माझ्यावर हसते आहे, आणि म्हटलं हस बाई, तुझा हक्क आहे. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती गुडघ्यांवर रांगत पोरीपाशी गेली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि बोलायला लागली. बोलता बोलता हसणं कधी थांबलं आणि रडणं कधी सुरू झालं ते कळलं नाही. लिया माझ्यासाठी भाषांतर करत होती, तीही मध्येच थांबली.

"सांग ना," मी म्हटलं.

"ती म्हणते, मी अकरा वर्षांची होते. बाबांचे बूट शिवत होते. टाचेत भोकं पडली. मी त्यात सीलची चरबी आणि दिव्याची काजळी भरली. आणि आई, तू दाताने ते शोधून काढलंस."

पोर मेण चघळत ऐकत होती.

"तू विचारलंस हे कोणी केलं. मी म्हणाले, सिकू कुत्र्याने बूट चाटला असेल, त्याच्या तोंडाची चरबी लागली असेल. तू सिकूला तीन दिवस तंबूपासून लांब बांधलंस. तो रात्रंदिवस रडत होता. माझा सगळ्यांत लाडका कुत्रा होता तो. आई, सिकूने काही केलं नव्हतं. मी भरलं होतं. मी साठ वर्षं तुला सांगणार होते."

पोरीने चघळणं थांबवलं. तिने थोडा विचार केला, नाक बाहीला पुसलं आणि एक प्रश्न विचारला. लियाने तोंडावर हात धरला.

"ती विचारते, मग तू सिकूला सांगितलंस का?"

आता तो सिकू मरून पन्नासेक वर्षं झाली होती. पण त्या घरात चांगल्या कुत्र्याचं नावही पुढच्या कुत्र्याला देत आले होते, आणि जोआनासीच्या गाडीला सगळ्यांत पुढे जुंपलेला, एक कान फाटलेला जो थोराड कुत्रा होता, तोही सिकूच. कौनाकने टोपी घातली. तिच्यामागे आम्ही सगळे बाहेर पडलो, सात बायका, पोरं, जोआनासी, हे आणि मी. लख्ख ऊन होतं आणि नाक गळून पडेल अशी थंडी. कौनाक सिकूपुढे उभी राहिली आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. सिकूने ऐकून घेतलं आणि मोठी जांभई दिली. आईने भुवया वर केल्या. झालं. कौनाकचं काम झालं.

मग ती पोर वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. नुसती बघत होती. माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

चौदा वर्षांत मी ह्यांची माफी मागितली नव्हती. तशी वेळच आली नव्हती, असं मी समजत होते. सात बायका, अकरा कुत्री आणि एक जोआनासी यांच्यासमोर मी ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"अहो, मेण मी भरलं होतं. तुमचं नाव उगाच घेतलं. चुकलं माझं."

"माहीत आहे," हे म्हणाले.

"कसं काय?"

"काल आमटीला मेणाची चव होती."

फोडणीची पळी. मी ती नीट घासलीसुद्धा नव्हती.

"दोन वाट्या खाल्ल्यात की तुम्ही. बोलला का नाहीत?"

ह्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "इतके दिवस जागून शिवलेस तू. म्हटलं, पाच दिवस काय, टिकेल मेण."

म्हणजे हा माणूस ते बूट घालून जाणार होता. सात भोकं माहीत असताना, त्या मास्तरची तीन बोटं गेली हे ऐकलेलं असताना, मला वाईट वाटू नये म्हणून जाणार होता. मी तिथेच, कुत्र्यांच्या मधोमध, मोठ्याने रडायला लागले, आणि ह्यांना काय करावं कळेना म्हणून ते सिकूला थोपटायला लागले.

रडून झाल्यावर मी पोरीपुढे वाकले. लियाकडे बघितलंही नाही, सरळ मराठीतच म्हटलं, "आई, दोन दिवस दे. नीट शिवते." तिला त्यातलं काय कळलं देव जाणे. तिने भुवया वर केल्या आणि हात पुढे केला. माझ्या कोटाच्या खिशात दिवाळीच्या मेणबत्तीचा एक तुकडा होता, तो दिला. जोआनासीने एक सुस्कारा टाकला आणि कुत्री सोडायला लागला. आजेसासूने सांगितलं, त्याला काय बोलता येणार.

कौनाक माझ्या शेजारी बसली. डाव्या बुटाची टाच मी स्वतः उसवली. ह्या खेपेला माझा हात अर्ध्यावर थांबत होता. का थांबत होता ते मला चांगलं माहीत होतं. प्रत्येक टाक्याला मला त्या टाचेच्या आत ह्यांची टाच दिसत होती. चुण्या घालायची वेळ आली तशी पोर तोंड उघडून तयारच बसली, मेण मिळेल या आशेने. मी तिला थांबवलं. माळ काढून रुमालात बांधली, विठोबाला म्हटलं तू जरा खिडकीबाहेर बघ, आणि टाच दाढेखाली धरली. चव काय होती ते विचारू नका. पण कुठे टाका ढिला आहे, कुठे घट्ट आहे, ते दाताला जितकं कळतं तितकं बोटाला कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

पुन्हा बूट भरले, टांगले. पुन्हा चहा झाला. फरशी कोरडी. मग टाच आईच्या तोंडात गेली. तिने इकडून चावलं, तिकडून चावलं, पुन्हा पुन्हा चावलं, आणि कुठेच मेण सापडेना तेव्हा तिने भोकाड पसरलं. ते ऐकून कौनाकने ह्यांना सांगितलं, जा.

पाच दिवसांनी हे परत आले. दाढी वाढलेली, नाकाचा शेंडा काळा पडलेला, बोलणं नेहमीइतकंच. कड बघितली का विचारलं तर म्हणाले, बघितली. कशी होती विचारलं तर म्हणाले, मोठी होती. मग खुर्चीत बसून बूट काढले आणि पायमोजे काढून माझ्या हातात दिले. पाच दिवसांचा वास होता त्यांना, पण ठणठणीत कोरडे होते.

ते मोजे मी धुतले नाहीत. तसेच हातात घेऊन, गावातल्या त्या एकुलत्या एका रस्त्यावरून, कौनाकच्या घरी गेले. तिने ते गालाला लावून बघितले, आधी एक, मग दुसरा. मग उठून आतल्या खोलीतून सीलचं एक नवं कातडं आणलं, जमिनीवर पसरलं, उलूने कापलं आणि तुकडे माझ्या पुढ्यात सारले. जूनला अजून दोन महिने होते. माप बघून मी म्हटलं, हे एवढे मोठे पाय आमच्या ह्यांचे नाहीत.

"नाहीत," लिया म्हणाली. "जोआनासीचे आहेत."